भोसरीतलं गुरुवारचं लाँचिंग

"पितरपाटात? नवीन वस्तू पितरपाटात इकायला काढताय? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

मामा माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या फोनवरून, मला माल देणाऱ्या कंपनीच्या साहेबांवर ओरडत होते. मी काउंटरच्या अलीकडे उभा राहून दोन्ही हात जोडत होतो. पण मामा डोळे मिटून ओरडतात, त्यामुळे जोडलेले हात त्यांना कधीच दिसत नाहीत.

"आवो, त्या पंधरा दिवसांत आमच्याकडं लोक नवी चप्पल घेत न्हाईत. तुटली तर खिळा मारून वापरत्यात. आन तुमी गेमचा डबा इकणार?"

पलीकडून साहेब काहीतरी म्हणाले. 'डेटा' एवढाच शब्द मला ऐकू आला.

"डेटाला म्हणावं, कावळ्याला इचार!" असं म्हणून मामांनी फोन ठेवला आणि डोळे उघडले. "झालं काम, भाचं. मेल करतो म्हणलाय."

मामांचा आवाज मुळातच असा, की चाकणजवळच्या त्यांच्या गावात ते शिंकले तर भोसरीत कुणीतरी दचकून 'सत्य आहे' म्हणतं. साहेब त्या वेळी मुंबईच्या रीजनल ऑफिसात होते. खरं सांगायचं तर फोनचीही गरज नव्हती.

पण हे सगळं मुळापासून सांगायला हवं.

मी अकरा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. गिअरचे दाते मोजायचो. इतके दाते मोजले, की शेवटी शेवटी कुणी हसलं तरी माझं लक्ष आधी त्याच्या दातांच्या अंतराकडे जायचं. मग एके दिवशी माझ्यातला उद्योजक जागा झाला, मी राजीनामा दिला आणि भोसरीत आळंदी रस्त्याला व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. बायको शाळेत शिक्षिका. तिने माझं सगळं भाषण ऐकून घेतलं, वर्गातल्या मुलांचं ऐकते तसं, आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघा. तुमचे सुपरवायझर म्हणालेत ना, दिवाळीपर्यंत जागा भरत नाही म्हणून?"

एवढं बोलून थांबली असती तर ठीक होतं. पण तिने माझे कारखान्यातले सेफ्टी शूज घासले, पॉलिश केले आणि दिघीच्या आमच्या फ्लॅटच्या दारातल्या रॅकवर सगळ्यात वर, देवघरात मूर्ती ठेवावी तसे मांडून ठेवले. रोज सकाळी दुकानाला निघताना ते बूट माझ्याकडे बघायचे. बुटांना नजर असते हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पोलादी टोप्या अशा चमकायच्या की त्यांच्यात मला माझं तोंड दिसायचं, आणि ते तोंड सकाळच्या शिफ्टला निघालेल्या माणसाचं असायचं.

आता त्या गेमच्या डब्याविषयी. हा डबा, म्हणजे नवा कन्सोल, टीव्हीला जोडायचा आणि घरात बसून गाड्या पळवायच्या. जगात तो जून महिन्यातच आला होता. आधी जपान, मग अमेरिका, मग युरोप, मग दुबई. भारताचा नंबर गणपती झाल्यावर. भारतातसुद्धा सगळ्यांना एकदम नाही. आधी मोठ्या शहरांतले मॉल, मग महिन्याभराने बाकीची शहरं, आणि सगळ्यात शेवटी, संक्रांत झाल्यावर, 'इंडस्ट्रियल क्लस्टर'. ते क्लस्टर म्हणजे आम्ही. पिंपरी, भोसरी, चाकण. ज्या पट्ट्यात अर्ध्या देशाच्या गाड्या बनतात, त्या पट्ट्याला खोटी गाडी पळवायला मात्र थंडी सरेपर्यंत थांबायचं!

साहेबांनी मला हे पडद्यावर नकाशा दाखवून समजावलं होतं. नकाशात मुंबई हिरवी, पुणे हिरवं, आणि आमचा पट्टा राखाडी. "इथे शिफ्टमध्ये काम करणारा वर्ग आहे," साहेब म्हणाले. "त्यांचा खरेदीचा इंटेंट लो आहे."

"सर," मी म्हणालो, "आमच्या मामांच्या गावात एकाच्या गोठ्यात एवढा टीव्ही आहे की म्हैस जाहिरात लागली की रवंथ थांबवते."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मी जरा घाबरलो, कारण म्हैस नव्हती, गाय होती, आणि टीव्ही गोठ्यात नव्हता, गोठ्याच्या खिडकीतून दिसायचा. पण राखाडी रंगापुढे माणसाने किती खरं बोलायचं?

संक्रांतीनंतर म्हणजे माझ्यासाठी सगळं संपल्यावर. ज्याला डबा हवा तो पुण्याच्या मॉलमधून तोवर आणणार, आणि माझ्या दुकानात येऊन फक्त विचारणार की 'ह्याची वायर मिळेल का?' मी तीन महिने साहेबांच्या इतकं मागे लागलो की त्यांनी मला दोनदा ब्लॉक करून दोनदा परत उघडलं. शेवटी त्यांनी कंटाळून एक दिवस दिला. एकच दिवस. पंचवीस डबे पाठवतो, म्हणाले, मी स्वतः येतो. दुकान बंद व्हायच्या आत पंचवीसच्या पंचवीस गेले तर तुमचा पट्टा कायमचा पहिल्या टप्प्यात. नाहीतर संक्रांतीनंतर बघू.

आणि तो एक दिवस त्यांनी काढला पितृपंधरवड्यातला! का? तर त्या पंधरवड्यात ट्रक रिकामे असतात, बाजारात गर्दी नसते, स्पर्धा नसते. साहेब मूळचे दादरचे, त्यांना पितृपक्ष माहीत होता. पण तो फक्त घरी असतो, डेटात नसतो, अशी त्यांची समजूत होती.

मामांनी ती समजूत कशी काढली ते वर आलंच आहे.

संध्याकाळी साहेबांचा मेल आला: 'स्थानिक भावनांचा आदर करून तारीख बदलत आहोत. आपण सुचवावी.'

आपण सुचवावी! जपानची तारीख जपानने ठरवली, अमेरिकेची अमेरिकेने, आणि भोसरीची तारीख ठरवणार होतो मी. त्या रात्री जेवताना मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ताटाशेजारी घेतलं. दसरा नको, त्या दिवशी लोक टू-व्हीलर घेतात. दिवाळी साहेब देणार नाहीत, दिवाळी मॉलची. नवरात्रात घ्यावं, पण कुठल्या दिवशी? घटस्थापनेला बायका कामात. रविवारी साहेबांनाच सुट्टी.

बायको भात वाढत म्हणाली, "गुरुवार घ्या ना. सगळ्यांना सुट्टी असते."

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, आमच्या पट्ट्याचा रविवार गुरुवारी असतो. बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आमच्याकडे लग्न ठरवताना आधी गुरुवार बघतात आणि मग पत्रिका. आणि गंमत बघा, मी अकरा वर्षं गुरुवारी सुट्टी घेतलेला माणूस, मी माझं दुकानही गुरुवारीच बंद ठेवायचो! ज्या एका दिवशी अख्खा पट्टा खिशात हात घालून रस्त्यावर फिरत असतो, त्या दिवशी मी कुलूप लावून दिघीत पंख्याखाली झोपायचो. दुकान का चालत नाही यावर मी कितीतरी तज्ज्ञांची व्याख्यानं मोबाइलवर ऐकली होती. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी भाताचा घास तसाच ठेवला आणि साहेबांना मेल केला: 'सखोल स्थानिक अभ्यासाअंती नवरात्रातला गुरुवार सुचवत आहे.' साहेबांचं उत्तर आलं, 'ब्रिलियंट इनसाइट.' ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमटी घ्या."

मामांना कळलं तसे ते दुसऱ्या दिवशी हजर. "भाचं, माझी गाडी आणतो."

मामांची गाडी म्हणजे डीजे. चाकणच्या रस्त्यात जमीन गेली तेव्हा मामांनी काय करावं? मुलांनी सांगितलं फ्लॅट घ्या, व्याह्यांनी सांगितलं सोनं घ्या. मामांनी ट्रक घेतला, त्यावर स्पीकरची भिंत उभी केली, मागे जनरेटर लावला आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, डोक्यावर पांढरी टोपी तशीच ठेवून, डीजे सुरू केला. ती भिंत वाजली की रस्त्याकडेच्या घरांतली भांडी आपोआप धुऊन निघतात.

"मामा," मी म्हणालो, "कंपनीचा कार्यक्रम आहे. वरात नाही."

मामांचं तोंड एवढंसं झालं. "बरं, ऱ्हायलं," म्हणाले आणि चहा न घेता गेले. चहा न घेता गेलेले मामा मी त्याआधी कधीच पाहिले नव्हते. पण मी तेव्हा स्ट्रॅटेजीत होतो.

गुरुवार उजाडला. त्या दिवशीचा नवरात्राचा रंग पिवळा. मी पिवळा शर्ट घातला, बुटांकडे न बघता दार ओढलं आणि नऊलाच शटर वर केलं. साहेब मुंबईहून आले तेही पिवळ्या टायमध्ये. सोबत त्यांनी एक कॉफी मशीन आणलं होतं. "प्रीमियम एक्सपीरियन्स," म्हणाले. दुकानाच्या मधोमध मोठा टीव्ही, टीव्हीखाली डबा, डब्यावर झेंडूचा हार. मागे पंचवीस खोकी, विटांसारखी रचलेली. साडेनऊला बाहेर माणसं जमायला लागली. जमायला लागली म्हणजे काय, रांग जी लागली ती पार पुलाखालून गेली. निदान पुलाच्या दिशेने तोंड करून तरी उभी होती. मोशीचे, चाकणचे, पिंपरीहून आलेले. कुणी बायकोला घेऊन, कुणी आईला. सगळे अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, सुट्टीच्या तोंडाने.

साहेबांनी काचेतून बाहेर बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत कुणी खांद्यावर हात ठेवला होता तो फक्त 'जरा बाजूला व्हा, फोर्कलिफ्ट येतंय' म्हणायला.

बरोबर दहा वाजता साहेबांनी नारळ फोडला, मी टीव्हीचं बटण दाबलं, पडद्यावर निळा उजेड आला, गाडीचं इंजिन गुरगुरलं.

आणि लाईट गेली.

साधी नाही गेली. समोरचा मेडिकलवाला, शेजारची पिठाची गिरणी, वरचा क्लास, पलीकडचा रसवंतीवाला, सगळ्यांची एकदम गेली. गिरणीचा पट्टा थांबला आणि भोसरीत अशी शांतता पसरली की मला दूर कुठेतरी माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्याचा आवाज आला.

"इन्व्हर्टर?" साहेब म्हणाले.

इन्व्हर्टर होता. बिलाचा कॉम्प्युटर आणि दोन दिवे त्याच्यावर होते. पण आता त्याच्यावर प्रीमियम एक्सपीरियन्सही होता. त्या मशीनने सात कप कॉफी दिली, आठव्या कपाला एक दीर्घ उसासा टाकला आणि इन्व्हर्टरला सोबत घेऊन गेलं.

मी रस्त्यावर पळालो. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावलेली होती आणि वर एक वायरमन, पायात साध्या पट्ट्याच्या सँडल, कमरेला दोर, शांतपणे तार सोडवत होता.

"ओ भाऊ! किती वेळ?"

"सहा वाजता," तो वरूनच म्हणाला.

"सहा? आज? आत्ता? तुम्हाला माहितीये का आज काय आहे?"

त्याने थोडा विचार केला. "देखभाल-दुरुस्ती," म्हणाला आणि पुन्हा तारेकडे वळला.

मी त्याला खालून काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या पक्कडीचाही अपमान केला. तो एकदाही खाली बघेना, त्यामुळे मला रागात नीट रंग भरता येईना. मग मी बायकोला फोन केला. ती शाळेत होती.

"अगं, लाईट गेली! सहापर्यंत!"

"हो, मंगळवारीच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. भोसरी, दिघी, दहा ते सहा."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही ग्रुपवर आहात की."

"मी म्यूट केलाय तो! पाण्याच्या मेसेजमुळे!"

"मला वाटलं तुम्ही काहीतरी व्यवस्था केली असेल," ती म्हणाली. "सखोल अभ्यास केलाय म्हणत होतात."

मागे शाळेची घंटा झाली आणि तिने फोन ठेवला.

आता सगळा उलगडा झाला. आमच्या पट्ट्याला गुरुवारची सुट्टी आहेच मुळी विजेमुळे. पूर्वी वीज कमी पडायची म्हणून प्रत्येक भागातल्या कारखान्यांना वेगवेगळ्या वारी सुट्टी वाटून दिली होती. आमच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणूनच खांबावरची मोठी कामंही गुरुवारी निघतात. कधी या भागात, कधी त्या. अकरा वर्षं मी हे ऐकत आलो होतो. पण गुरुवारी लाईट गेली की मी झोपलेला असायचो. पंखा थांबला की कूस बदलायची, एवढाच माझा त्या शास्त्राशी संबंध. पट्टा मोकळा असतो म्हणून मी गुरुवार घेतला, आणि पट्टा मोकळा का असतो एवढं सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास केला.

साडेअकरापर्यंत रांग विरली. साहेब कुलूप लावल्यासारखे स्टुलावर बसले होते. टाय सैल. लॅपटॉपवर नकाशा उघडलेला, आणि आमच्या राखाडी पट्ट्यावर त्यांचं बोट. "संक्रांतीनंतर परत ट्राय करू," ते इतक्या मायेने म्हणाले की मला रडूच आलं. एवढी माया माणूस फक्त बंद पडणाऱ्या दुकानावर करतो.

मग मी मामांना फोन केला. त्यांनी उचलला. मी म्हणालो, "मामा. वरात आणा."

"कंपनीचा कार्यक्रम हाय म्हणलावतास."

"मामा, चुकलो."

"आजून एकदा म्हण. इथं मामी पण ऐकतिया."

मी भररस्त्यात, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये, मोबाइलवर कान धरले.

चाकणहून भोसरीला यायला नाशिक रस्त्याने किती वेळ लागतो हे देवालाही सांगता येत नाही. मामा पाऊण तासात आले. कसे आले ते मी विचारलं नाही. मोशीला सिग्नलवर त्यांनी नुसता एक हॉर्न वाजवला आणि पुढच्या तीन गाड्या आपणहून शेतात उतरल्या, असं ते सांगतात. ट्रक दुकानासमोर लागला. मामांनी टोपी सारखी केली, जनरेटरला चावी मारली आणि जनरेटर असा धडधडला की समोरच्या मेडिकलमधल्या गोळ्या पाकिटातून सुटल्या.

टीव्ही उचलून ट्रकवर चढवला. डबा जोडला. डब्याचा आवाज स्पीकरच्या भिंतीला दिला. तिथे साहेब एकदा क्षीणपणे म्हणाले, "व्हॉल्यूम जरा…" पण पुढचे शब्द इंजिनाच्या आवाजात गेले, कारण मामांनी गाड्यांची शर्यत सुरू केली होती.

मामा स्वतः तरुणपणी बैलगाडा शर्यतीतले नावाजलेले गडी. हातात रिमोट आला तसा त्यांनी तो उलटापालटा करून बघितला.

"आन ह्याची शेपटी कुठंय?"

"मामा, शेपटी नाही. हे बटण दाबायचं."

"शेपटी पिळल्याबगर पळंल कसं ते?"

पण पळालं. हिरवा झेंडा पडला आणि मामा ट्रकच्या फळीवर उभे राहिले, गुडघ्यात वाकले, अंग डावीकडे टाकलं, उजवीकडे टाकलं, आणि तोंडाने अशी आरोळी दिली की ती माइकमधून, भिंतीमधून, जनरेटरमधून निघाली आणि इंद्रायणीच्या पलीकडे गेली. पहिल्या वळणावर त्यांची गाडी भिंतीला धडकली. "सरळ चाललावता की मी!" मामा पडद्यावर ओरडले. दुसऱ्या फेरीत ते उलटे निघाले आणि समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना शिव्या घालत गेले.

आता विचार करा. गुरुवार. अख्खा पट्टा घरी. लाईट नाही, म्हणजे टीव्ही नाही, पंखा नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली. ऑक्टोबरचा उकाडा. माणसं गॅलरीत टॉवेल घेऊन वारा घालत उभी. अशा वेळी खालून ती आरोळी आली. सगळी भोसरी खाली उतरली! पिवळ्या साड्या, पिवळे कुर्ते, लुंग्या, बनियन. मेडिकलवाला दुकान सोडून आला. गिरणीवाला पिठाच्या अंगाने आला. रसवंतीवाला हाताने चरक फिरवून रस काढायला लागला. "काका, मला द्या, काका, एक डाव!" आणि मामा कुणाला रिमोट देईनात. "थांब रं, येक बारी आजून," असं म्हणत ते सतरा शर्यती हरले.

साहेब फोटो काढत होते. टाय त्यांनी खिशात घातला होता.

पण खोकं एकही हललं नव्हतं. मी एकेकाला विचारत फिरलो. "घेणार ना राव," म्हणायचे, "पण घरी नेऊन लावू कशात? लाईट कुठंय?" आमचा माणूस वस्तू घरी नेल्या नेल्या लावून बघतो, न लावता खोक्यात ठेवलेली वस्तू त्याला दुसऱ्याची वाटते. सगळ्यांचं एकच, "सहाला लाईट आली की घेतो."

मी त्या सहाची वाट बघितली तशी माझ्या लग्नात मुहूर्ताचीसुद्धा बघितली नव्हती.

बरोबर सहाला लाईट आली. गर्दीतून एकच आवाज उठला, आणि मी बिलाचं मशीन चालू करून हात पुढे करतो तोवर रस्ता रिकामा! एक माणूस नाही. एक चप्पल राहिली होती, तीही एक बाई परत येऊन घेऊन गेली. सगळे पळाले होते मोटर लावायला. दिवसभर टाकीत थेंब नव्हता. लाईट आल्यावर आधी पाणी, मग जग. दहा सेकंदांत भोसरीतल्या सगळ्या इमारतींच्या मोटारी एकदम घूं करायला लागल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. मामांनी जनरेटर बंद केला आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसले.

बायको शाळेतून आली होती. तिने खोकी मोजली. पंचवीस. "जेवून येतील," ती म्हणाली आणि बिलाच्या मशीनशी बसली.

साडेसात. पहिला आला. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, सोबत सगळं घर, देवीला निघालेले. "तो मघाचा, काका पळवत होते तो द्या." त्याच्यामागे गिरणीवाला. मग मोशीचे दोघे. मग एक आजी, नातवाला घेऊन नाही, एकट्याच. "त्या तात्यांच्यापेक्षा मी बरी चालवीन," म्हणाल्या. मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं. देवीला जाता-येता माणसं थांबत होती, बायको बिलं काढत होती, साहेब स्वतः पिशव्या भरत होते. पावणेनऊला मागची भिंत सपाट झाली होती आणि एकच खोकं उरलं होतं.

नऊला दुकान बंद. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. आठ पन्नास. आठ पंचावन्न. रस्त्यावर कुणी नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मग बघितलंच नाही असं दाखवलं. आठ अठ्ठावन्नला दारात एक माणूस आला. पायात साध्या पट्ट्याच्या सँडल. खांद्यावर दोर. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, पिवळ्या फ्रॉकमध्ये.

सबंध दिवस मी ठरवून ठेवलं होतं की हा माणूस खाली आला की मी ह्याचं काय करणार. त्यात पक्कड होती, शिडी होती, आणि शेवटी खांबही होता.

"या, बसा," मी म्हणालो. "पाणी घ्या."

त्याने पाणी घेतलं. मुलीने शेवटच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "वरून दिसत होतं सगळं दिवसभर," तो म्हणाला. "हिला फोनवर सांगत होतो." मग त्याने खोक्यावर टिचकी मारली. "ह्याला स्टॅबिलायझर लागतो का? इकडची लाईट फार जाते."

बायकोने बिल काढलं. साहेबांनी खोकं दोन्ही हातांनी, अक्षता पडल्यावर नवरीला सासरच्यांच्या स्वाधीन करतात तसं, त्या मुलीच्या हातात दिलं. मामांनी बाहेर जाऊन कुणाला न विचारता एक हॉर्न मारला. मुंबईला गेल्यावर साहेबांनी आमचा पट्टा हिरवा केला, आणि सगळ्या देशातल्या विक्रेत्यांना एक पत्रक काढलं, ज्यात दिवसभर वीज नसण्याला त्यांनी 'नियोजित उत्कंठा' असं म्हटलं होतं. ते पत्रक दुकानात लावलंय. मामांचा फोटो आहे त्यात, सतरावी शर्यत हरतानाचा. कंपनीने खाली 'ग्राहक' असं लिहिलंय, त्यावरून मामा अजून त्यांच्यावर नाराज आहेत.

दिवाळी झाली. सुपरवायझरांनी ती जागा भरली. बायकोने एक दिवस रॅकवरचे बूट काढले, पिशवीत घातले आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. "नऊ नंबर आहेत," म्हणाली. "त्या वायरमनना होतील."

तो गुरुवार होता आणि कोपऱ्यावर शिडी लागलेली होती. आता गुरुवारी माझं दुकान उघडं असतं, आणि दारात मोठा जनरेटर आहे. वायरमन वर होता. मी बूट खांबाखाली ठेवले, त्याला सांगितलं, त्याने मान हलवली. मग राहवेना म्हणून मी विचारलंच, "भाऊ, खरं सांगा. वर्षात एवढे दिवस. आमच्या लाँचिंगच्या दिवशीच का बंद ठेवली होती?"

त्याने तार तोंडात धरली होती ती काढली.

"गुरुवार होता," म्हणाला.